जुन्या गाडीचं ॲव्हरेज पडलंय? आधी इंजिन नीट गरम होतंय का ते बघा

जुन्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज पडलं की लोक आधी पंपावरून ॲडिटिव्हची बाटली घेऊन टाकीत ओततात, मग इंजेक्टर क्लिनिंग करून घेतात, मग कुणीतरी छातीठोकपणे सांगतं की ऑक्सिजन सेन्सर गेलाय, तोही बदलून होतो आणि एवढे पैसे घालवून गाडी होती तिथंच. पेट्रोलच्या पाइपला बांधायचे लोहचुंबक तर अजूनही विकले जातात आणि घेणारेही भेटतात! हे सगळं आधी बाजूला ठेवा. मी बोलतोय ते दहा-पंधरा वर्षं झालेल्या, फ्युएल इंजेक्शनवाल्या ऑल्टो, वॅगनआर, सँट्रो, आय१० असल्या पेट्रोल गाड्यांबद्दल. डिझेलचं गणित वेगळं आहे, ते इथं नको.

पहिलं काम मोजणं. टाकी फुल करा, नोझल कटऑफ झालं की थांबा, ट्रिप मीटर शून्य करा, निदान तीनशे किलोमीटर चालवा आणि परत शक्यतो त्याच पंपावर कटऑफपर्यंत भरा. झालेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेलं पेट्रोल, बास. रिझर्व्हपासून रिझर्व्हपर्यंत मोजलेलं ॲव्हरेज मी ऐकूनसुद्धा घेत नाही, कारण तो दिवा चढावर एका ठिकाणी लागतो आणि उतारावर दुसऱ्या. तुलना करायची ती आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी, जाहिरातीतल्या आकड्याशी नाही, तो लॅबमधला असतो. आणि आता बहुतेक पंपांवर ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं हेही धरून चाला. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळं थोडी घट होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच अशा जुन्या चारचाक्यांसाठी ६ ते ७ टक्के घट लिहिली होती. म्हणजे पंधरा देणारी गाडी चौदा द्यायला लागली तर ते पेट्रोलचं आहे, गाडीच्या मागं लागू नका. पंधराची अकरा झाली असेल तर पुढं वाचा.

टायरमधली हवा सकाळी गाडी थंड असताना भरा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली असते तेवढीच.

ब्रेक धरून राहिलाय का ते बघा. वीसेक मिनिटं गाडी चालवून, शेवटी जोरात ब्रेक न मारता थांबवा आणि चारी रिमजवळ हात न्या (लगेच टेकवू नका, चटका बसेल). एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथं कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणारा भाग) पिना जॅम आहेत किंवा मागच्या बाजूला हँडब्रेकची केबल परत येत नाहीये. पावसाळ्यात गाडी हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी राहिली की हे हमखास होतं.

प्लग काढून बघा, टोकं झिजली असतील तर सगळे बदला. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, "गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाकू" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. एअर फिल्टर घाण असेल तर बदला, पण त्यानं ॲव्हरेज वाढेल अशी आशा ठेवू नका. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली की इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोलही कमी सोडतो, त्यामुळं फरक पिकअपमध्ये जाणवतो. ॲव्हरेजला मारायचा तो कार्ब्युरेटरच्या जमान्यातला फिल्टर, पण सल्ला अजून तोच चाललाय.

आता मुद्द्याची गोष्ट, जी कुणी तपासत नाही, ती म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिनचं तापमान सांभाळणारा छोटा व्हॉल्व्ह. माझं डोकं सगळ्यात जास्त खाल्लं ते यानंच. मेव्हण्याची गाडी होती, प्लग नवे, फिल्टर नवा, सेन्सर नवा, टायर नवे, आणि तरी ॲव्हरेज हायवेला गावातल्याइतकंच. हायवेवर ॲव्हरेज वाढत नाही म्हणजे काय? शेवटी थर्मोस्टॅटचं हाउसिंग खोललं तर आत फक्त लाल सिलिकॉनचे गोळे, थर्मोस्टॅट गायब! आधीच्या मालकाच्या काळात कुठल्यातरी मेकॅनिकनं काढून फेकला होता. आणि हे अपवादानं होत नाही. गाडी गरम झाली की आपल्याकडचा ठरलेला इलाज म्हणजे थर्मोस्टॅट काढणं, वर ऐकवतात की आपल्याकडे कुठं बर्फ पडतो, थर्मोस्टॅट लागतो फॉरेनला.

ही शुद्ध थाप आहे. इंजिनला चालायला साधारण ९० डिग्री लागतात, बाहेर ५ असो की ३५, दोन्ही त्याच्यापेक्षा लांबच. थर्मोस्टॅट पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पुढं तापमान त्या पातळीला धरून ठेवतो. तो नसला किंवा उघडाच अडकला की कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं हे पाणी, पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. ट्रॅफिकमध्ये समोरून वारा नसतो, तिथं कसंबसं तापमान येतं, पण हायवेला ऐंशीच्या वर गेलात की इंजिन परत गार पडायला लागतं. इसीयूला वाटतं गाडी आत्ताच चालू झालीय, मग तो पेट्रोल जास्त सोडतो, आयडलिंग चढं ठेवतो, ऑइलही जाडच राहतं. चेक इंजिनचा दिवा लागेलच याची खात्री नाही. नव्या गाड्या यासाठी पी०१२८ हा दोषाचा कोड टाकतात, जुन्यातल्या कित्येक काहीच बोलत नाहीत.

तपासायला एक पैसा लागत नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करा, बॉनेट उघडा आणि इंजिनकडून रेडिएटरच्या वरच्या बाजूला जाणाऱ्या जाड रबरी पाइपवर हात ठेवा. ज्या गाडीत थर्मोस्टॅट खालच्या पाइपला आहे तिथं तो पाइप धरायचा, आधी कुठं आहे ते बघून घ्या. थर्मोस्टॅट चांगला असेल तर बरीच मिनिटं पाइप जवळजवळ गारच लागतो, इंजिन इकडं तापलेलं असतं तरी, आणि मग थोड्याच वेळात तो एकदम हात ठेववणार नाही इतका गरम होतो. तोच तो क्षण, थर्मोस्टॅट उघडला. पण पाइप पहिल्यापासून हळूहळू कोमट, मग अजून थोडा कोमट असा चढत गेला तर एकतर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा आत नाहीच. हात घालताना फॅनपासून लांब राहा, तो न सांगता सुरू होतो, आणि बाही, ओढणी, गळ्यातलं काहीही लोंबतं नको. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

दुसरी खूण डॅशबोर्डवर. ज्या गाड्यांना टेम्परेचरचा काटा नाही त्यांना बऱ्याचदा निळा दिवा असतो, गार इंजिनचा. तो विझायला फार वेळ घेत असेल, किंवा खंबाटकी, कसारा असला घाट उतरताना परत लागत असेल, तर आणखी पुरावा शोधत बसू नका.

स्कॅनर असेल तर अजून बरं. २०१० नंतरच्या बीएस-४ गाडीला स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ स्कॅनर लावा आणि मोबाइलवर कुलंटचं तापमान बघत हायवेला चक्कर मारा (बघायचं काम शेजारी बसलेल्यानं करायचं). ८५ ते ९५ च्या आसपास स्थिर राहिलं तर ठीक. साठ-सत्तरला घुटमळतंय, तर आधी कुलंटच्या तापमानाचा सेन्सर खोटं बोलत नाहीये ना ते तपासा. सकाळी गाडी चालू करण्याआधी नुसती चावी ऑन करून कुलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघायचं, दोन्ही जवळजवळ सारखं हवं. गरम गाडीत स्कॅनर साठ दाखवतोय आणि पाइपवर हात ठेववत नाही, तर दोष सेन्सरचा किंवा त्याच्या कनेक्टरचा. कनेक्टर काढून बघा, आत हिरवा गंज दिसला तर साफ करा, कित्येकदा काम तिथंच संपतं. मल्टिमीटर असेल तर सेन्सर गार असताना साधारण दोन-अडीच किलोओम आणि ८० डिग्रीला तीनशे ओमच्या आसपास दाखवतो. हा सेन्सर ऑक्सिजन सेन्सरपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, म्हणून आधी हा.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी मात्र थांबा. जुना कुणी उगीच काढलेला नसतो. गाडी गरम होत होती म्हणून काढला, आणि ती का गरम होत होती हे कुणी शोधलं नाही. रेडिएटर चोंदलेला, फॅन वेळेवर लागत नाही, झाकण प्रेशर धरत नाही, वॉटर पंप गळतोय, यातलं काहीतरी अजून तसंच बसलंय. तो दोष न काढता थर्मोस्टॅट टाकलात तर गाडी तापेल, हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) उडेल, आणि मेकॅनिक म्हणेल, बघा, मी सांगत होतो. आधी रेडिएटर साफ, फॅन चेक, मगच थर्मोस्टॅट.

कंपनीनं दिलेल्या तापमानाचाच घ्या, आकडा त्याच्यावर कोरलेला असतो, बहुतेक ८२ किंवा ८८. बसवण्याआधी पाण्यात दोऱ्यानं लटकवून गरम करून बघा उघडतो का, नवाही कधी खराब निघतो. जुना तपासणार असाल तर घरातलं पातेलं नको, कुलंट विषारी असतं. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे आणि कडेला छोटी हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला, म्हणजे अडकलेली हवा निघते. जुनं सिलिकॉन खरवडून काढा, नवी रिंग टाका. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालायचं नाही, त्या क्षारांनीच रेडिएटर चोंदतो, तयार कुलंट घ्या किंवा घट्ट कुलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. मग झाकण उघडं ठेवून गार गाडी चालू करा, हीटर फुल गरमवर ठेवा, पातळी खाली जाईल तसं भरत राहा, बुडबुडे थांबले की झाकण लावा. पहिले काही दिवस काट्यावर नजर ठेवा.

हे करूनही फरक नसेल तर स्कॅनरमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे इसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. दहाच्या आत, अधिक किंवा उणे, तर चिंता नाही. उणे पंधरा-वीस असेल तर पेट्रोल जास्त जातंय, गळका इंजेक्टर किंवा फ्युएल प्रेशर बघावं लागेल. स्कॅनर नसेल तर पीयूसीच्या पावतीवरचा सीओचा आकडा शेजारी छापलेल्या मर्यादेशी ताडून बघा, अर्थात मशीनची नळी खरंच सायलेन्सरमध्ये घातली असेल तर. ऑक्सिजन सेन्सरचा नंबर इथं येतो, आधी नाही.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती होतो ते मोजणं, सगळ्यात शेवटी. ते कमी निघालं आणि मेकॅनिक इंजिन खोलायचं म्हणाला तर कागदावर हिशोब मांडा. महिन्याला पाचशे किलोमीटर चालणारी गाडी तेराची सोळा द्यायला लागली तर वाचतात जेमतेम सात लिटर, लिटरला शंभर धरले तर सातशे रुपये, आणि इंजिनच्या कामाला चाळीस हजार गेले तर ते वसूल व्हायला साडेचार वर्षांहून जास्त. गाडी ऑइल पीत नसेल, पीयूसी पास होत असेल, तर इंजिन खोलू देऊ नका.