पोर्तुगालला येताय? आधी 'नीस'चं पान उघडायला शिका

गावाकडून ज्यांचे फोन येतात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, पगार किती मिळेल?" मी लिस्बनला लागून असलेल्या ओदिवेलाशमध्ये एका हिशेबनिसाच्या ऑफिसात काम करते. दिवसभर पगारपत्रकांतच डोकं असतं, तेव्हा मलाच विचारणार. पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे आणि तो कुणी विचारत नाही: मालक माझ्या नावावर सेगुरान्सा सोसियालमध्ये, म्हणजे इथल्या सामाजिक सुरक्षा खात्यात, पैसे भरणार का? आपल्याकडच्या पीएफसारखं समजा, फक्त इथे त्यावर तुमचा राहण्याचा परवानासुद्धा अवलंबून असतो. त्या खात्यातल्या तुमच्या नंबराला 'नीस' म्हणतात, आणि त्याचं पान वेबसाइटवर उघडलं की मालकाने पैसे भरले का ते दिसतं.

पगाराचं आधी उरकते. 2025 साली इथलं किमान वेतन महिना 870 युरो होतं, 2026 साठी ते 920 आहे. वर्षाला 14 पगार: बारा महिन्यांचे बारा, एक सुट्टीचा, एक नाताळचा. हे दोन जादा पगार बारा महिन्यांत वाटून देण्याचीही पद्धत आहे. एजंट नेमका इथेच खेळतो. 920 ला 14 ने गुणा आणि 12 ने भागा, 1,073 येतात. "हजाराच्या वर मिळतील, माझी ओळख आहे म्हणून" असं तो सांगतो तेव्हा तो किमान वेतनच सांगत असतो, आणि वर उपकाराचं ओझं. त्यातून सामाजिक सुरक्षेसाठी तुमचे 11 टक्के कापले जातात, मालकाने स्वतःचे 23.75 टक्के घालायचे असतात. लिस्बनमध्ये नुसत्या खोलीचं भाडं चारशे-पाचशे युरो सहज जातं. पुढची वजाबाकी तुमची तुम्ही करा आणि मगच घरी कर्ज काढायला सांगा.

आता मुद्द्याचं. साताऱ्याकडचा एक मुलगा मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे आला. रेस्टॉरंटच्या किचनमध्ये कामाला होता. दर महिन्याची पगारपत्रकं त्याने प्लास्टिकच्या फाइलमध्ये क्रमाने लावलेली, प्रत्येकावर 11 टक्के कपात छापलेली, खाली शिक्का. परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली होती. मी म्हटलं, पान उघड. तर पासवर्ड त्याच्याकडे नव्हताच, तो मालकाच्या माणसाकडे. नवीन पासवर्ड मागवला, पान उघडलं. सुरुवातीचे चार महिने भरलेले, पुढे सगळ्या रकान्यांत शून्य. कापलेले पैसे मालकाच्या खिशात. मुलगा बराच वेळ ते पान वरखाली करत राहिला. चुकीचं वर्ष उघडलंय असं त्याला वाटत होतं.

म्हणून सांगते, तुमचा नीस नंबर मिळाला की सेगुरान्सा सोसियालच्या वेबसाइटवर खातं उघडा, पासवर्ड स्वतःजवळ ठेवा. सख्ख्या भावाला देऊ नका, 'अकाउंटंट'ला तर नाहीच. दर महिन्याच्या अखेरीस मागच्या महिन्याची नोंद पडली का ते पाहा. एक महिना कोरा दिसला तर विचारा, दुसराही कोरा दिसला तर कामगार खात्याकडे तक्रार करा. या खात्याला इथे सगळे आद्याक्षरांनी 'आसेते' म्हणतात. पगार बँकेतूनच घ्या, रोख घेऊ नका. गेल्या 24 महिन्यांत 360 दिवसांची नोंद नसेल तर काम सुटल्यावर बेकारभत्ताही मिळत नाही. 'आपला माणूस आहे, कसं विचारायचं' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला त्याचा राग येतो. गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर आलेल्या अशा प्रकरणांत मालक बहुतेक वेळा आपलेच निघाले, पंजाबी, गुजराती, बांगलादेशी, एकदा तर चक्क मराठी.

या फसवणुकीचाच चुलतभाऊ म्हणजे 'रेसीबो वेर्दे', आपली मुलं त्याला ग्रीन रिसीट म्हणतात. ही पावती स्वतंत्र धंदा करणाऱ्यांसाठी असते. मालक म्हणतो, तू पावती फाड, मी पैसे देतो. पहिल्या 12 महिन्यांत सामाजिक सुरक्षेची सूट असते, त्यामुळे सगळं छान वाटतं. मग उत्पन्नाच्या 70 टक्क्यांवर 21.4 टक्के असा हप्ता सुरू होतो आणि तो सगळा तुम्ही भरायचा. रोज ठरलेल्या वेळी, त्याच्याच दुकानात, त्याच्याच हुकमाने काम करत असाल तर तुम्ही नोकर आहात. करार मागा.

परवान्यांचं खातं पूर्वी 'सेफ' होतं. ते 2023 च्या ऑक्टोबरात बंद होऊन 'आयमा' आलं, आणि येतानाच लाखो तुंबलेले अर्ज घेऊन आलं. टुरिस्ट म्हणून यायचं, काम धरायचं आणि मग अर्ज टाकायचा, ही वाट 3 जून 2024 ला बंद झाली. अजूनही कुणी त्या वाटेने आणतो म्हणत असेल तर तो तुम्हाला बुडवतोय. "पाच वर्षांत पासपोर्ट" हेही विसरा. ती मुदत वाढवण्याचं राजकारण 2025 मध्येच जोरात सुरू झालं.

मुळात या देशाला आपण का लागतो? कारण देश म्हातारा झालाय. 2011 च्या जनगणनेत एक कोटी पाच लाखांवर लोक होते, 2021 ला एक कोटी तीन लाखांवर आले. चारांतला जवळजवळ एक माणूस 65 च्या पुढचा. स्वतःची तरणी पोरं बाहेर गेली: साठच्या दशकात हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत लाखो लोक चोरवाटांनी फ्रान्सला, आणि 2011 मध्ये देशाला 78 अब्ज युरोंचं कर्ज घ्यावं लागलं त्यानंतर पुन्हा शिकलेली मुलं ब्रिटन, स्वित्झर्लंड, लक्झेंबर्गला. आमच्या इमारतीतल्या दोना लुर्देश नावाच्या आजी मुलाची वाट ऑगस्टभर पाहतात, तो लक्झेंबर्गला प्लंबर आहे. त्यांना मी कधी समजावून सांगितलं नाही की मी इथे का आले. कारण त्यांना ते माहीत आहे.

कामं कुठे, तर पर्यटनात, बांधकामात, घरपोच डिलिव्हरीत, आणि दक्षिणेला ओदेमिराच्या प्लास्टिकच्या हरितगृहांत, जिथे नेपाळी, पंजाबी, बांगलादेशी मजूर रासबेरी तोडतात. 2021 च्या कोरोनात तिथल्या एकेका खोलीत किती माणसं कोंबलेली आहेत ते देशाने पाहिलं. उत्तरेला ब्रागा, गिमाराइंशकडे कापड आणि बुटांचे कारखाने आहेत. भाडं कमी, पाऊस भरपूर, माणसं जरा जास्त प्रेमळ असं माझं मत. सगळे लिस्बनलाच का अडकतात कळत नाही. आयटीवाल्यांचं वेगळं, त्यांना माझ्या सल्ल्याची फारशी गरज नसते.

वातावरण मात्र बदललंय. 19 डिसेंबर 2024 ला लिस्बनच्या बेन्फोर्मोझो रस्त्यावर पोलिसांनी आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांना भिंतीकडे तोंड करून रांगेत उभं केलं, ते फोटो सगळ्यांनी पाहिले. तारीख गोवा मुक्तिदिनाची, योगायोगच. पुढच्याच वर्षी मेच्या निवडणुकीत स्थलांतरितांविरुद्ध बोलणाऱ्या शेगा पक्षाने 60 जागा मिळवल्या. दुसऱ्या बाजूला, 2015 ते 2024 पंतप्रधान होता तो अंतोनियो कोश्ता, ज्याचं वडिलांकडचं घराणं मडगावचं. दोन्ही खरं आहे. रस्त्यावर कुणी काही बोललंच तर उत्तर देत बसू नका. ओळखपत्राची प्रत मोबाइलमध्ये ठेवा.

इथल्या जुन्या भारतीयांबद्दल: मंदिरात भेटणारे गुजराती बहुतेक मोझांबिकहून 1975 च्या सुमारास आलेले, चार पिढ्यांचे व्यापारी. गोवेकरांत दोन जाती, जुने वकील-डॉक्टर घराण्यांचे, आणि नवे, 1961 पूर्वी जन्मलेल्या आजोबांच्या कागदावर पासपोर्ट काढून ब्रिटनला निघून गेलेले. दोघांनाही तुमच्यात विशेष रस नाही. मराठी माणसं थोडी, गणपतीला जमतात, इतर वेळी व्हॉट्सअॅपवर भांडतात.

घराचं एकच: हिवाळ्यात इथे बाहेरच्यापेक्षा घरात जास्त थंडी वाजते. हीटिंग नाही, खिडक्या एकेरी काचेच्या, जानेवारीत कपाटामागे काळी बुरशी. जाड पांघरूण आणि हवेतली ओल खेचणारं यंत्र, दोन्ही लवकर घ्या. भाडेकरार फिनान्साशकडे, म्हणजे कर खात्याकडे, नोंदवलेला असावा. पत्त्याचा दाखला विकत मिळतो म्हणून घेऊ नका, एकाच पत्त्यावर शंभर नावं असली की आयमाच्या नजरेत येतं.

आजारी पडलात तर आधी 808 24 24 24 या सरकारी आरोग्य हेल्पलाइनला फोन. फॅमिली डॉक्टर मिळेल या भरवशावर राहू नका.

दुकानात शिरताना 'बोम दिया' म्हटल्याशिवाय काही मागू नका, माणूस दगड होतो. बँकेतल्या बाईला, डॉक्टरला, शिक्षकाला नावाआधी 'दोतोर' किंवा 'दोतोरा' लावलं तर काम लवकर होतं. मला ते अजून हास्यास्पद वाटतं, पण मी लावते. आणि प्रत्येक दुकानात, ऑफिसात तक्रारीची वही असणं कायद्याने सक्तीचं आहे. भांडण वाढलं की आवाज चढवू नका, शांतपणे 'लिव्रो द रेक्लामासोइंश' मागा. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

भाषेचे सरकारी वर्ग फुकट असतात. त्यांचं ए-दोन या प्राथमिक पातळीचं प्रमाणपत्र नागरिकत्वाच्या अर्जालाही चालतं. शिफ्टमुळे जमत नाही म्हणणारी पुष्कळ मुलं भेटतात, तीच मुलं रात्री दोन-दोन तास रील्स बघत असतात. नावनोंदणीची चौकशी जूनमध्येच करा. जुलैच्या मध्यानंतर अर्धा देश समुद्रावर जातो, ऑगस्टमध्ये आमचं ऑफिससुद्धा बंद असतं, तेव्हा त्या महिन्यात मला फोन करून उपयोग नाही.