नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या कुंड्या कशा जगवायच्या

उन्हाळ्यात गच्चीवरची झाडं जातात ती बहुतेक वेळा मुळं भाजून. पानं करपलेली दिसतात म्हणून आपण हिरवी जाळी आणतो, डोक्यावर ताणतो आणि निवांत होतो. खाली कुंडी मात्र स्लॅबवर तव्यावरच्या भाकरीसारखी शेकत असते. माझं सगळं सांगणं कुंडीपासून सुरू होतं. जाळीचं नंतर बघू.

आमची गच्ची उघडी. पश्चिमेला ना इमारत, ना झाड. 2013 च्या मे महिन्यात नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. हा आकडा वेधशाळेचा, म्हणजे सावलीतल्या पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर मोजलेला. आपल्या कुंडीच्या नशिबी याहून कितीतरी जास्त येतं.

एक करून बघा. दुपारी चार वाजता काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला पश्चिमेकडून तळवा लावा. हात ठेववत नसेल तर मुळांचं काय होत असेल? मुळं कुंडीच्या भिंतीलाच चिकटून वाढतात, मधोमध कमी असतात. म्हणून होळी झाली की पहिलं काम म्हणजे कुंड्या स्लॅबवरून उचलायच्या. दोन विटा, मध्ये फट, त्यावर कुंडी. खालून हवा खेळली पाहिजे. मग कुंडीला बाहेरून चुना मारा. चुन्यात थोडा फेविकॉल घातला की तो हाताला लागत नाही. स्लॅबलाही तोच चुना फासून टाका, घरातलेही दुवा देतील. मातीची कुंडी असेल तर चुना नको. ती पाझरून स्वतःच गार राहते, फक्त पाणी जास्त मागते. लहान कुंडी मोठीत ठेवून मधल्या जागेत वाळलेली पानं भरली तर फारच छान. जुनं पोतं असेल तर कुंडीभोवती गुंडाळा आणि सकाळी पाणी घालताना तेही भिजवा.

कुंड्या सुट्या सुट्या मांडू नका. मोठ्या, दांडग्या कुंड्या पश्चिमेच्या कडेला आणि लहान त्यांच्या आड, अगदी खेटून. एकीची सावली दुसरीला मिळते.

मातीवर आच्छादन हवंच. आमच्याकडे गावाहून सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसा येतो, तुमच्याकडे पाचट असेल किंवा नुसता पालापाचोळा. दोन-तीन इंचांचा थर द्या, पण खोडापासून दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं. उधळीची, म्हणजे वाळवीची, भीती वाटत असेल तर खाली मूठभर निंबोळी पेंड टाका.

आता पाणी. सकाळी सातच्या आत. लहान कुंड्यांना दिवस मावळून स्लॅब निवल्यावर पुन्हा एकदा. नळी दिवसभर उन्हात पडलेली असते, तिच्यातलं पहिलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. ते आधी बादलीत काढा, मगच धार झाडाकडे वळवा. दुपारी पानं मरगळली की लगेच पाणी ओतायला धावू नका. दोन पेरं बोट मातीत घालून बघा. आत ओल असेल तर झाडाने पानं नुसती मिटून घेतलीत, संध्याकाळी ती उभी राहतील. ओल असताना रोज दुपारी पाणी दिलं तर मुळं सडतात. आणि माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटली असेल तर वरून घातलेलं पाणी कडेने थेट खाली निघून जातं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवून ठेवा.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालायची आपल्याकडे भारी सवय. ते घालू नका. पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. बोअरचं पाणी असेल तर विचारूच नका, वाळ्याच्या ताट्यांवर पांढरी खपली दिसते ना, तेच कुंडीत जातं.

जाळी भाजीपाल्याला 50 टक्के सावलीची पुरे. 75 टक्क्यांची फर्न आणि रोपांसाठी. झाडाच्या शेंड्यापासून तीन-चार फूट वर बांधा, टेकवून नाही, गरम हवेला निघायला वाट हवी. 25 मेच्या आसपास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो आणि त्याच दिवसांत नागपुरात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. कठड्याची सावली तेव्हा शून्य, म्हणून वर जाळी हवीच. पण झाड खरं होरपळतं ते दोन ते पाचच्या तिरप्या उन्हाने. पश्चिमेला जाळीचा उभा पडदा सोडा. माझ्या मते वरच्या जाळीपेक्षा हा पडदा जास्त कामाचा. गाठी सरकत्या ठेवा. मे महिन्यात संध्याकाळी धुळीचं वादळ उठतं, तेव्हा ताणलेली जाळी शिडासारखी फुगते आणि बांबूसकट कुंड्या आडव्या करते.

सगळ्यांना सावली नको. मोगरा, बोगनवेल उन्हातच राहू द्या, सावलीत नेलात तर मोगरा नुसती पानं दाखवेल. भेंडी, गवार, चवळीला ऊन मानवतं. टमाटरची फुलं या गरमीत गळतात, त्यात तुमचा दोष नाही. लागलेली फळं जरा रंग धरला की तोडून घरात पिकवा. उन्हात ती लाल व्हायची सोडून पिवळट राहतात. सांभार, म्हणजे कोथिंबीर, मे महिन्यात लावूच नका, बाजारातून आणा.

या दिवसांत युरिया, कुंडी बदलणं, छाटणी, सगळं बंद. करपलेली पानंही तशीच राहू द्या, खालच्या फांदीवर तेवढीच सावली. पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि मागे कोळिष्टकासारखी जाळी दिसली तर तो लाल कोळी. कोरड्या गरमीत हा फार माजतो. पहाटे पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा, चार-पाच दिवस लागोपाठ.

मे अखेरीस एखादी सर आली म्हणून जाळी काढू नका, दुसऱ्या दिवशी ऊन पुन्हा तेवढंच तापतं. मृग लागून दोन-तीन चांगले पाऊस झाले आणि आभाळ टिकलं की आधी पश्चिमेचा पडदा काढा. आठवड्याने, ढगाळ दिवस बघून, वरची जाळी. ती धुवून, वाळवून, गुंडाळून ठेवा, उंदरांपासून दूर.