पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या पद्मिनीचा चिकटलेला क्लच कसा सोडवायचा

जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये उभी, ऑक्टोबरात बॅटरी चार्ज करून सेल मारला, इंजिन लागलं. पण क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही, नुसती करकर. इंजिन बंद केलं की तेच गिअर लोण्यासारखे पडतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पद्मिनी, अ‍ॅम्बॅसिडर आणि जुन्या जीपमध्ये हा प्रकार नेहमीचा आहे. अशा वेळी थेट गिअरबॉक्स उतरवायला सांगणारे पुष्कळ भेटतील. तो शेवटचा उपाय आहे.

गाडी उभी असताना क्लच प्लेट फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती) आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी चकती) यांच्यात स्प्रिंगच्या जोराने सतत दाबलेली असते. हे दोन्ही भाग बिडाचे, त्यांच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर रंग नाही की तेल नाही. क्लच प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर, म्हणजे लायनिंग, दमट हवेतला ओलावा धरून ठेवतं, बिडावर गंज चढतो आणि तोच गंज लायनिंगला चिकटवून टाकतो. पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेट मागे सरकते, पण क्लच प्लेट फ्लायव्हीललाच धरून फिरत राहते.

आधी दोष खरंच प्लेटचा आहे का ते पाहा. एकाला पेडल दाबायला सांगून खालून क्लचचा काटा (क्लच सोडवणारा दांडा) बघा. काटा पूर्ण सरकत असेल तर वरची यंत्रणा ठीक आहे. हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने चालणारा) क्लच असेल आणि काटा ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचा रॉड जेमतेम हलत असेल, तर दोष ऑइलमध्ये, आत शिरलेल्या हवेत किंवा सीलमध्ये आहे. प्लेटच्या मागे लागू नका. रॉड-लिंकेज असेल तर झिजलेल्या पिना आणि पेडलचा फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधीची मोकळी हालचाल) तपासा. फ्री प्ले फार वाढला असेल तर चांगला क्लचही सुटत नाही. मग सपाट जागी इंजिन बंद ठेवून टॉप (सर्वांत वरचा) गिअर टाका, एकाने पेडल दाबून धरावं, दोघांनी गाडी ढकलावी. गाडी सहज गेली तर प्लेट मोकळी आहे. गाडी जड जाते आणि बॉनेटखाली पंखा फिरतो, म्हणजे प्लेट चिकटली आहे.

पहिला उपाय वेळखाऊ आणि सर्वांत सुरक्षित आहे. इंजिन न्यूट्रलमध्ये २०-३० मिनिटं चालवा, म्हणजे बेल हाउसिंगपर्यंत (क्लचभोवतीच्या कवचापर्यंत) उष्णता पोचते आणि ओलावा सुटतो. दारं उघडी असलेल्या जागीच चालवा, बंद गॅरेजमध्ये धूर जीवघेणा ठरतो. मग इंजिन बंद करून पेडल पूर्ण दाबा आणि पेडल व सीटची चौकट यांच्यामध्ये लाकडी ठोकळा अडकवा. रात्रभर, जमल्यास दोन दिवस तसंच ठेवा. दाब निघून गेल्यामुळे गंजाची पकड पुष्कळदा आपोआप सुटते. दुसऱ्या दिवशी ढकलून बघा. नाही सुटली तर हेच पुन्हा दोन-तीनदा करा.

त्यानेही जमलं नाही तर सेल्फचा (स्टार्टर मोटरचा) जोर वापरायचा. चारही चाकांना ओट (दगड किंवा ठोकळे) लावा, हँडब्रेक ओढा, टॉप गिअर टाका, डावा पाय क्लचवर आणि उजवा ब्रेकवर पूर्ण दाबा. किल्ली दोन-तीन सेकंदच फिरवा. टॉप गिअरच का? लहान गिअरमध्ये इंजिनाचा जोर चाकांपाशी कित्येक पटींनी वाढतो आणि ब्रेक तो धरू शकत नाहीत. टॉपमध्ये चाकं घट्ट राहतात आणि सगळा ताण प्लेटवर येतो. ‘टक’ असा आवाज येऊन इंजिन मोकळं फिरू लागलं की काम झालं. चार-पाच प्रयत्नांत सुटलं नाही तर थांबा, नाहीतर सेल्फची वाइंडिंग जळेल किंवा रिंग गिअरचे (फ्लायव्हीलच्या कडेचे) दात जातील.

त्यापुढे मोकळं, सपाट मैदान लागतं: समोर निदान १५० मीटर कोणीही नको आणि ब्रेक आधी तपासलेले हवेत. गरम इंजिन बंद करून पहिला गिअर टाका आणि सेल मारा. गाडी लगेच पुढे निघेल. थोडा वेग आल्यावर पेडल दाबून धरा आणि अ‍ॅक्सिलरेटर झटक्याने दाबा-सोडा. हे हिसकेच गंज तोडतात. थांबायचं असेल तर ब्रेकबरोबर इग्निशन बंद करायचं, कारण क्लच नाही. रहदारीच्या रस्त्यावर हे करू नका. मागची चाकं घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवून टॉपमध्ये ब्रेक दाबण्याचीही पद्धत आहे, पण घोडी घसरली तर चालू गाडी अंगावर येते. जॅकवर तर मुळीच नको.

बेल हाउसिंगच्या झडपेतून गंज सोडवण्याचा स्प्रे किंवा डिझेल मारण्याचा सल्ला ऐकू नका. लायनिंग तेल पितं, क्लच सुटेल आणि मग कायमचा घसरेल.

सुटल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू आठ-दहा वेळा क्लच थोडा घसरवत गाडी उचला, म्हणजे उरलेला गंज घासून जातो. जळका वास आला तर लगेच थांबा. नंतर पेडल दाबून पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. करकर आली नाही तर क्लच नीट सुटतोय. आली तर प्लेट वाकली आहे, लायनिंगचा तुकडा सुटला आहे किंवा स्पिगॉट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ते बुश) जाम आहे. मग मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

तेव्हा प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा आटा सैल करा. एकच बाजू आधी मोकळी केली तर कव्हर वाकतं. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो: धूळ हवेने उडवू नका, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. फ्लायव्हील एमरी पेपरने गोल घासून साफ करा. स्प्लाइनवर (क्लच प्लेट ज्यावर सरकते त्या शाफ्टच्या खाचांवर) ग्रीसचा नुसता हात फिरवा, जास्त लावलं तर ते लायनिंगवर उडतं. रिबिटांची डोकी वर आली असतील तर लायनिंग नवीन लावून घ्या.

पुढच्या पावसाळ्यात दर दहा-पंधरा दिवसांनी गाडी खरोखर रस्त्यावर फिरवा. नुसतं न्यूट्रलमध्ये इंजिन चालवून प्लेट फ्लायव्हीलपासून एकदाही वेगळी होत नाही. फिरवणं शक्यच नसेल तर तोच लाकडी ठोकळा पेडलखाली नव्हे, पेडल दाबून ठेवण्यासाठी लावा आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा.