सिरिंज आणि वजनांनी बॉईलचा नियम कसा तपासावा

तापमान तेच ठेवून वायूवरचा दाब दुप्पट केला की त्याचं आकारमान निम्मं होतं. रॉबर्ट बॉईलने १६६२ मध्ये हे दाखवलं ते वाकवलेल्या काचेच्या नळीत पारा ओतून. पारा विषारी, आणि आपलं काम २० मिलिलिटरच्या सिरिंजवर भागतं.

सुई काढून टाका. दट्ट्या २०च्या खुणेवर ठेवून पुढची तोटी एपॉक्सीने बंद करा आणि पूर्ण वाळू द्या. मग दट्ट्या दाबून सोडा. तो पुन्हा २०च्या आसपास आला नाही, तर हवा गळते आहे.

आता आतलं क्षेत्रफळ. व्यास मोजायच्या भानगडीत पडू नका. ० ते २० खुणांमधलं अंतर पट्टीने मोजा आणि २०ला त्या अंतराने भागा. अंतर ६.५ सेंमी असेल, तर क्षेत्रफळ सुमारे ३.१ चौरस सेंमी.

सिरिंज भोक पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात घट्ट उभी करा. दट्ट्यावर छोटी फळी चिकटवा (तिचं वजनही हिशेबात धरा) आणि एक, दोन, तीन किलो अशी वजनं चढवत जा. हवा दाबली की किंचित तापते, म्हणून दर वेळी अर्धा मिनिट थांबूनच आकडा टिपा. सिरिंज मुठीत धरू नका, हाताची ऊब लागते.

खरा त्रास देतं ते रबर. दट्ट्या घर्षणाने मध्येच अडकतो. त्यामुळे एकदा थोडा खाली दाबून सोडा, एकदा थोडा वर ओढून सोडा आणि दोन्ही आकड्यांची सरासरी घ्या.

दाब काढताना वजन भागिले क्षेत्रफळ एवढ्यावर थांबलात तर सगळं फसतं. वातावरण आधीच दट्ट्यावर दर चौरस सेंमीला सुमारे १.०३ किलो भार टाकत असतं, तो मिळवायलाच हवा. वरच्या मापाने एक किलोला एकूण दाब १.३५, दोनला १.६८, तीनला २.०० येतो आणि आकारमान अनुक्रमे १५.३, १२.३, १०.३ मिलिलिटरच्या जवळपास यायला हवं. दाब आणि आकारमान यांचा गुणाकार प्रत्येक वेळी २०.६च्या आसपास, म्हणजे नियम पाळला गेला. वातावरण विसरून गुणून पाहा: ४.९, ८, १०. नियमाचा मागमूसही नाही!

१.०३ हा आकडा समुद्रसपाटीचा. हजार मीटर उंचीवर तो साधारण दहा टक्क्यांनी कमी होतो. हवामानाच्या ॲपमधला दाब बहुधा समुद्रसपाटीला जुळवून दिलेला असतो, तेव्हा फोनमध्ये दाबमापक असेल तर तोच वापरा.

वजन वाढवताना गुणाकार हळूहळू घसरत असेल, तर सगळी वजनं उतरवा. दट्ट्या २०वर परतला नाही, तर गळती. परतला, तर तोटीत अडकलेली थोडी हवा मोजायची राहिली आहे. प्रत्येक आकारमानात ०.१, ०.२ असं मिळवत जा. गुणाकार जिथे सारखे होतील, तेवढी हवा तोटीत आहे.