जांभूळ-हिरड्याच्या हंगामात या चुका टाळा

मार्च सरता सरता जांभळी फुलतात, मागोमाग हिरडा, आणि आमच्या महाबळेश्वर-जावळीच्या पट्ट्यात फोन सुरू होतात : "दादा, मध कधी काढायचा?" मधमाशांची पेटी आणून महिनाही न झालेला माणूस हे सगळ्यांत आधी विचारतो.

कच्चा मध काढणं ही माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक. पेटीतली पोळ्याची चौकट हाताला जड लागली म्हणजे मध झाला, असं नसतं. फुलातून येतो तो पातळ रस. माशा रात्रभर पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी उडवतात आणि पिकल्यावरच कप्प्यावर मेणाचं झाकण लावतात. एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या, निकषात पाणी २० टक्क्यांपर्यंतच चालतं आणि आपल्या सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतो त्या देशी माशीच्या, मधात ते मुळातच जास्त. त्यात झाकण न लागलेला काढला, तर आंबणारच.

हे मला अनुभवातूनच कळलं. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाने आगाऊ पैसे दिले होते, आमच्याच घरात लग्न होतं. निम्म्या उघड्या चौकटी मी तशाच मधयंत्रात फिरवल्या. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन : "अहो, रात्री कपाटात झाकण उडालं, सगळीकडे ताडीचा वास सुटलाय." घरी उरलेल्या बाटल्या उघडल्या, तर वर बोटभर फेस. पैसे परत केले, ते लग्नाच्या उसनवारीत जमा झाले. तेव्हा एकाने सल्ला दिला, उकळून घे. मध उकळून विकायचा तर सरळ काकवी विकावी!

आता मी चौकट आडवी धरून एक झटका देतो. थेंब उडाले की ती परत पेटीत. पाऊण चौकट झाकलेली दिसल्याशिवाय यंत्राला हात लावत नाही. पाणी मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर माझ्याकडे आहे, पण ते झटक्यानंतर.

दुसरी चूक मे महिन्यातली. वरची मधकोठी रिकामी करून झाली की हावरा हात खालच्या, अंडी-पिल्लांच्या शिशुकक्षाकडे जातो. "पावसाळ्यात साखरपाणी देऊ की." देतो कोण? जूनमध्ये भातलावणी, वर धो धो पाऊस, माशीला बाहेर पडता येत नाही. सातेरी उपाशी बसून राहत नाही, घर सोडते. ओळखीतल्या एका पोराने खालच्या कडेचा मधही खरवडून नेला होता. जुलैत पेटी उघडली, तर आत मेणकिड्याची जाळी आणि कोपऱ्यात चार मेलेल्या माशा. मला म्हणाला, "पेटीच खराब दिली मला." शिशुकक्षातला मध माशांचा. मी तिथे सुरी नेतच नाही, आणि साखरपाणी देतो ते त्याच्या जोडीला.

राणीघरं दिसली की मोडत सुटू नका. नवी राणी वाढते ती ही घरं, चौकटीच्या खालच्या कडेला शेंगेसारखी लोंबतात. आधी आत राणी आणि ताजी अंडी आहेत का बघा. जुनी राणी थवा घेऊन गेली असेल आणि तुम्ही सगळी घरं मोडलीत, तर वसाहत बिनराणीची होते. मी एक चांगलं ठेवतो. मुळात मधकोठी वेळेवर चढवली असती, तर गर्दी झाली नसती आणि राणीघरांची वेळही आली नसती.

रोज पेटी उघडून बघणाऱ्यांना काय सांगावं? शेतात बी पेरून रोज उकरून बघता का?

मध काढायचा तो बंद खोलीत; उघड्यावर यंत्र फिरवलं की शेजारच्या पेट्यांतल्या माशा लुटीला येतात. पेटीच्या पायांखालच्या वाट्यांतलं पाणी आटू देऊ नका, मुंग्या वाटच बघत असतात. दुपारचं ऊन पेटीवर नको.

आणि वळीव झाला की दोन-तीन दिवस चौकटी काढायचा बेत रद्द. फुलांतला रस धुऊन गेलेला असतो, माशा चिडलेल्या असतात. मी तेव्हा नव्या चौकटींना मेणपत्रे चिकटवत बसतो.