कबड्डीच्या पकडीतून रग्बीच्या टॅकलकडे

कबड्डी खेळलेला मुलगा रग्बीच्या मैदानावर पहिल्या दिवशी अंगाला अंग भिडवायला घाबरत नाही, आणि ही फार मोठी जमेची बाजू आहे. पण पकडीच्या काही सवयी तशाच घेऊन आलात तर दुखापत होते किंवा पेनल्टी बसते. व्यावसायिक खेळाडू व्हायचं असेल तर त्या सुरुवातीलाच मोडायला हव्यात.

२०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, ती सेव्हन्स प्रकारात. म्हणजे १५ जणांच्या खेळाएवढंच मैदान, साधारण १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद, पण ते सांभाळायला सातच जण. तिथे एक टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून खाली पाडणं, सुटलं की मागे बहुधा कुणीच नसतं आणि समोरच्याला ट्रायचे, म्हणजे आपल्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवल्याचे, ५ गुण मिळतात. म्हणून निवड करणारे तुमच्या धावण्याइतकंच टॅकलही बघतात.

आधी फरक समजून घ्या. चढाईला आलेला खेळाडू पकड लागताच मध्यरेषेकडे, म्हणजे तुमच्यापासून लांब पळतो. त्यामुळे कबड्डीत हातांची ओढ कामी येते. रग्बीत चेंडूवाला पूर्ण वेगात थेट तुमच्या अंगावर येतो, आणि इथे वजनाची मर्यादा नाही. नुसत्या हातांनी तो थांबत नाही. हात लांब करून अडवायला गेलात तर खांदा निखळतो. घोटा पकड तर पूर्ण सोडून द्या, कारण खाली वाकलेल्या तोंडावर स्टडवाला बूट किंवा गुडघा बसतो.

टॅकल असं बसवा. धावत जवळ जा, पण शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये पावलं बारीक करा. पाय समांतर ठेवून उभे राहू नका. समोरचा बगल देऊन निघून जाईल. नजर त्याच्या कमरेवर ठेवा. चेंडू आणि डोळे हुलकावणी देतात, कंबर देत नाही. उजव्या खांद्याने भिडायचं तर उजवा पाय पुढे, त्याच्या पावलांच्या जवळ. हा पाय लांब राहिला की माणूस झेप घेतो, आणि झेपेत पायाचा जोर मिळत नाही.

आता डोकं. ते त्याच्या शरीराच्या बाजूला किंवा मागे हवं, पुढे कधीच नको. तुमचा गाल त्याच्या नितंबाला टेकला म्हणजे जागा बरोबर. डोकं पुढे गेलं तर त्याचा गुडघा किंवा कंबर सरळ कानशिलावर येते. हनुवटी छातीला लावू नका, पाठ सरळ ठेवा, डोळे उघडे. मान खाली घालून भिडणं मानेच्या मणक्यासाठी सर्वात धोक्याचं.

खांदा मांडीवर किंवा कमरेखाली बसला की दोन्ही हातांनी पाय कवटाळा, गुडघे एकमेकांकडे ओढा आणि पायांनी पुढे रेटत राहा. हातांचा वेढा न घालता नुसता खांदा मारणं फाऊल आहे. खांद्याच्या रेषेच्या वर पकडणंही फाऊल आणि उचलून डोक्यावर आपटणं तर थेट लाल कार्डाचं काम. पिवळं कार्ड मिळालं तर सेव्हन्समध्ये संघ दोन मिनिटं सहा जणांवर खेळतो.

कबड्डीवाल्यांना सर्वात जड जाते ती पुढची गोष्ट. शिट्टी होईपर्यंत धरून ठेवायची सवय असते, पण इथे माणूस जमिनीवर आला की लगेच सोडायचं. बाजूला व्हा, पायांवर उभे राहा, आणि मगच आपल्या संघाच्या बाजूने येऊन चेंडूला हात घाला. धरून राहिलात की पेनल्टी. सरावात प्रत्येक टॅकलनंतर मोठ्याने ‘सोडलं!’ ओरडायला लावा; साधा उपाय आहे, पण सवय मोडते.

सुरुवात दोघांनीही गुडघ्यांवर बसून करा. मग टॅकल करणारा एका गुडघ्यावर आणि समोरचा चालत, मग दोघे चालत, मग ५ मीटरच्या चौकोनात हळू धावत. पूर्ण वेग शेवटी. प्रत्येक पायरीवर दोन्ही खांद्यांनी आठ-आठ वेळा. नावडत्या खांद्याला जास्त द्या, सामन्यात समोरचे नेमकी तीच बाजू शोधतात. डोक्याची जागा चुकली की एक पायरी मागे. पूर्ण जोराचं टॅकल रोज करू नका. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेने २०२१ मध्ये व्यावसायिक संघांना आठवड्याला जास्तीत जास्त १५ मिनिटं पूर्ण संपर्काचा सराव सुचवला आहे, शिकणाऱ्याने त्याहून जास्त करायचं कारण नाही.

मुंबईच्या पावसात मैदान मऊ असतं, तेव्हा पडायला शिका. मे महिन्यातल्या कडक मातीवर खांदे सोलवटतात. तेव्हा टॅकल बॅगवर, म्हणजे टॅकलच्या सरावाच्या जाड मऊ पिशवीवर, काम करा. माऊथगार्ड गरम पाण्यात मऊ करून आपल्या दातांवर बसवलेलाच वापरा. डोक्याच्या टोपीने कान आणि कातडी वाचते, मेंदूचा धक्का टळत नाही. गरगरणं, मळमळ, स्कोअर न आठवणं यातलं एकही लक्षण दिसलं तर खेळाडू त्या दिवशी परत मैदानात जात नाही, आणि पुढचा संपर्काचा सराव डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. हे लपवणाऱ्या मुलाला निवडीची संधी हुकण्याची भीती असते, म्हणून विचारण्याची जबाबदारी प्रशिक्षकाने आणि सोबत्यांनी घ्यावी.