ग्रंथालय नव्या जागेत हलवताना या चुका टाळा

पन्नास हजार पुस्तकांचं तालुक्याचं ग्रंथालय म्हणजे साधारण २० टन कागद. हे वजन हमाल आणि टेम्पो सहज पेलतात. सांभाळायला कठीण असतो तो क्रम. एक खोका चुकीच्या रॅकवर रिकामा झाला, की त्यातली चाळीसएक पुस्तकं दाखलनोंद वहीत (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणाऱ्या नोंदवहीत) असतात, रॅकवरही असतात, पण वाचकाच्या हाती लागत नाहीत. खालच्या बहुतेक चुका शेवटी इथेच येऊन पोचतात. हिशेबासाठी ५०,००० पुस्तकं आणि तीन फुटी, म्हणजे ९० सेंटिमीटरच्या लोखंडी फळ्या धरल्या आहेत.

पुस्तकं मोजली, फळ्या मोजल्याच नाहीत

‘आपल्याकडे पन्नास हजार पुस्तकं आहेत, अडीचशे रॅक पुरतील’ हा अंदाज हमखास फसतो, कारण जागा पुस्तकांच्या संख्येवर नाही, जाडीवर ठरते. बालविभागातली पुस्तकं अर्ध्या सेंटिमीटरची, तर कोशांचे खंड पाच-सहा सेंटिमीटरचे. म्हणून टेप घेऊन प्रत्येक फळीवरचा भरलेला भाग मोजा आणि विभागवार बेरीज करा. सरासरी जाडी २ सेंटिमीटर निघाली, तर ५०,००० पुस्तकांची रांग १,००० मीटर भरते. काठोकाठ भरल्या तर १,११० फळ्या. पण काठोकाठ भरलेली फळी पहिल्याच खरेदीला अडते. फळीचा पाव भाग मोकळा सोडायचा, म्हणजे १,४८० फळ्या हव्यात.

हा मोकळा भाग प्रत्येक फळीवर सोडावा. सगळी रिकामी जागा विभागाच्या शेवटी ठेवली, तर मधल्या वर्गांकाचं (विषयानुसार दिलेल्या क्रमांकाचं) एक पुस्तक घालायला पुढचे दहा रॅक सरकवावे लागतात. जिथे कादंबऱ्या नुसत्या दाखलांकाने, म्हणजे दाखलनोंद वहीतल्या क्रमांकाने लावल्या आहेत, तिथे मात्र नवं पुस्तक शेवटीच येतं, तेव्हा त्या विभागाची मोकळी जागा शेवटी ठेवणंच बरोबर. चालू नियतकालिकांच्या बांधीव खंडांना वेगळा हिशेब लावा: वर्षाला ५ सेंटिमीटर धरले, तरी दहा वर्षांत अर्धी फळी जाते.

बाहेर असलेली पुस्तकं या मोजणीत विसरली जातात. वाचकांकडे तीन हजार पुस्तकं असतील, तर ती ६० मीटर जागा मागतात. स्थलांतराआधी सगळी परत मागवू नका. उलट परतीची तारीख पुढे ढकला आणि प्रत्येक वाचकाला दोन-तीन पुस्तकं जास्त द्या. तेवढंच ओझं कमी होतं. त्यांची जागा मात्र नकाशात आधीच राखून ठेवा.

मजला ते वजन पेलेल का, हे विचारलंच नाही

राहत्या घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. सव्वादोन मीटर उंचीपर्यंतच्या पुस्तकांच्या रॅकसाठी तोच भार ६०० किलो आहे, आणि उंची वाढली की तोही वाढतो. फ्लॅट किंवा हॉल घेऊन तिथे ग्रंथालय नेताना हा तिपटीचा फरक लक्षात येत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घेतल्याशिवाय वरच्या मजल्यावर रॅक लावू नयेत. रुळांवर सरकणारी कपाटं घ्यायची असतील, तर ती तळमजल्यावरच बरी. त्यांत मधल्या वाटा नाहीशा होतात आणि भार एकवटतो.

ओल्या भिंतीजवळ पुस्तकं नेली

नवी इमारत म्हणजे कोरडी इमारत, हा समज महागात पडतो. ताज्या गिलाव्यातलं पाणी सुकायला महिने लागतात. प्लास्टिकचा दीड फूट चौरस तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा आणि दोन दिवसांनी काढा. आतून थेंब दिसले, तर त्या खोलीत रॅकसुद्धा नेऊ नका. खोलीत आर्द्रतामापक ठेवा. आर्द्रता सतत ६५ टक्क्यांच्या वर असेल, तर बुरशी येणार हे धरून चला. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हा आकडा सहज ओलांडला जातो. रॅक भिंतीपासून अर्धा फूट दूर आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून चार ते सहा इंच वर हवी. सामान नेण्याआधी वाळवीचा बंदोबस्त करून घ्या, रॅक भरल्यावर ते काम नीट होत नाही.

मुहूर्त चुकला

पावसाळा वर्ज्य, हे सगळ्यांना कळतं. पण दिवाळीनंतरचे दोन महिनेही टाळावेत, कारण दिवाळी अंकांसाठी वाचकांची वर्दळ तेव्हाच असते. मार्चमध्ये आर्थिक वर्ष संपतं, अहवाल आणि हिशेब उरकायचे असतात. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. देवघेव बंद ठेवावी लागली, तरी वृत्तपत्रांचा कक्ष एकही दिवस बंद ठेवू नका. रोज सकाळी पेपर वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुसरी जागा नसते.

मोठे खोके, आणि वर फक्त ‘कादंबरी’

मोठा खोका भरताना सोयीचा वाटतो, पण २५ किलोचा झाला की तळ फाटतो किंवा हमाल तो आपटतो. १५ × १२ × १० इंचाचा, पाच पदरी पुठ्ठ्याचा खोका घ्या. त्यात नेहमीच्या आकाराची पुस्तकं कणा बाजूला ठेवून दोन रांगांत उभी बसतात. प्रत्येक रांग ३८ सेंटिमीटर, मिळून ७६. म्हणजे थोडी मोकळी असलेली एक फळी एका खोक्यात मावते आणि वजन १५ किलोच्या आसपास राहतं. एक फळी, एक खोका हा नियम पाळता आला, तर अर्धं काम झालं. पुस्तकाचा कणा वर आणि पानं खाली असं कधीही भरू नका, शिवण सुटते.

या हिशेबाने सुमारे १,३२० खोके भरतात, पण तेवढे विकत घ्यायची गरज नाही. अडीच-तीनशे खोके भरत, रिकामे करत फिरवायचे. छोटा हत्ती टेम्पो एका खेपेत ५० खोके नेतो, म्हणजे २६-२७ खेपा.

खोक्यावर जुना पत्ता किंवा विषय लिहून उपयोग नाही, नव्या जागेचा पत्ता हवा. उदाहरणार्थ ‘१-ब-०७-४’: पहिला मजला, ब रांग, सातवा रॅक, वरून चौथी फळी. शेजारी खोक्याचा अनुक्रमांक, आणि विभागानुसार रंगीत पट्टी. चिठ्ठी खोक्याच्या बाजूला लावा, झाकणावर नाही, कारण थप्पी लागली की झाकण दिसत नाही. हाच पत्ता नव्या रॅकच्या प्रत्येक फळीवर आधी चिकटवलेला असला पाहिजे. मग खोका उघडणाऱ्याला वर्गांक कळायची गरजच उरत नाही.

एक तक्ता करा: खोक्याचा क्रमांक, जुनी फळी, नवी फळी, पहिल्या पुस्तकाचा दाखलांक, शेवटच्या पुस्तकाचा दाखलांक. तेराशेवीस ओळींचं हे काम कंटाळवाणं आहे, तरी ते सोडू नका. खोका रिकामा झाल्यावर फक्त पहिलं आणि शेवटचं पुस्तक ताडून पाहिलं, की क्रम बरोबर आहे की नाही ते अर्ध्या मिनिटात कळतं.

आवराआवर खोके भरतानाच सुरू केली

निर्लेखन (बाद पुस्तकं नोंदीतून काढणं), ग्रंथपडताळणी (नोंदीतली पुस्तकं जागेवर आहेत का ते तपासणं), बारकोड लावणं, दोन संग्रह एकत्र करणं ही कामं स्थलांतराआधी उरका किंवा नंतर करा. खोके भरणाऱ्याच्या हातात पुस्तक थांबलं, की मागची सगळी साखळी थांबते. पडताळणी तर आधीच हवी, नाहीतर दहा वर्षांपूर्वी हरवलेलं पुस्तकही ‘हलवताना गेलं’ म्हणून नोंदलं जातं.

जुनेच रॅक नव्या जागेत वापरायचे असतील, तर आणखी एक पेच आहे. रॅक सुटा करायला पुस्तकं काढावी लागतात, आणि ठेवायला नव्या जागी रॅक तयार नसतो. वीस-पंचवीस रॅक आधी नवे उभे करा, ते भरा, मग रिकामे झालेले पुढे न्या. रॅक उतरवताना वरची फळी आधी रिकामी करावी, भरताना खालची आधी भरावी. नाहीतर रॅक पुढे कलंडतो. भिंतीला किंवा एकमेकांना बोल्टने जोडल्याशिवाय एकही पुस्तक चढवू नका.

हमालांची मजुरी खेपेवर ठरवू नका, दिवसावर ठरवा. खेपेच्या पैशांत घाई असते.

जुने ग्रंथ आणि पोथ्या सुतळीने बांधल्या

सुतळी पुठ्ठ्यात रुतते आणि ठिसूळ कागद कापते. रुंद सुती पट्टी वापरा आणि पुस्तकाच्या दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावा. पोथ्या दोन लाकडी पाट्यांमध्ये ठेवून, धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळाव्यात. वृत्तपत्रांचे मोठे बांधीव खंड आडवे, तीनपेक्षा जास्त एकावर एक नको. १८६७ पूर्वीची दोलामुद्रितं, म्हणजे छपाईच्या सुरुवातीच्या काळातली पुस्तकं, आणि हस्तलिखितं टेम्पोत घालूच नका. ग्रंथालयाच्या माणसाने मोटारीतून न्यावीत, दोन्ही टोकांना यादीवर सही घेऊन.

तरीही गडबड झालीच तर

फळी भरून पुस्तकं उरली, तर ती पुढच्या फळीवर ढकलू नका, सगळेच पत्ते चुकत जातात. उरलेली पुस्तकं त्याच रॅकजवळ खोक्यात, पत्ता लावून ठेवा. विभाग पूर्ण लागल्यावर जवळची मोकळी जागा शोधून एकदाच सरकवा.

खोका सापडत नसेल, तर तक्त्यात आधीचा आणि नंतरचा क्रमांक कुठे उतरला ते पाहा. बहुतेक वेळा तो त्याच थप्पीच्या मागे किंवा तशाच पत्त्याच्या दुसऱ्या मजल्यावर असतो.

कुबट वास किंवा पांढुरकी बुरशी दिसली, तर ती पुस्तकं लगेच वेगळ्या खोलीत न्या. पंख्याच्या हवेत, सावलीत उभी उघडून सुकवा. कडक उन्हात टाकू नका, कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठे वाकतात. पूर्ण सुकल्यावर, मास्क लावून, इमारतीच्या बाहेर मऊ ब्रशने झटका. आधी झटकली तर ओली बुरशी कागदात घासली जाते.

जुन्या जागेची किल्ली परत देण्याआधी एक माणूस टॉर्च घेऊन पाठवा. रॅकच्या मागे, खिडकीच्या कट्ट्यावर आणि माळ्यावर पुस्तकं पडलेली असतात, आणि पडताळणीत ‘गहाळ’ लिहिलेली काही तिथेच निघतात.